सत्तावीस मार्कांची पुडी

माझी बेरीज चुकत नाही. किराणावाला कडूशेट कानामागची पेन्सिल काढेपर्यंत माझं उत्तर तयार असतं, अन् तो पेन्सिलीनं करून बघतो अन् तेच येतं. बाजारात हे सगळ्यांना मालूम आहे. सुलभाला तर सगळ्यात जास्त मालूम होतं. म्हणूनच तिनं माझ्यावर भरोसा ठेवला, अन् म्हणूनच हे झालं.

मी आठवीतून शाळा सोडली. सोडली म्हणजे काय, पंडित मास्तरनं मला भर वर्गात उभं केलं अन् म्हणाला की गणितं तू दुसऱ्याची बघून उतरवली आहेस. का, तर उत्तर लिहिलं होतं अन् मधल्या पायऱ्या लिहिल्या नव्हत्या. मला पायऱ्या लागतच नाहीत, डोक्यात होतं, तर लिहू काय? मी त्याला हे सांगितलं. तो हसला. मग मी उत्तरांची वही, म्हणजे कॉपी, उभी फाडली, त्याच्या टेबलावर टाकली अन् घरी आले. बाप मिलमधून पाळी करून आला, त्यानं सगळं ऐकलं अन् एकदाच विचारलं, परत जाशील का. मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून मी मायजवळ पुड्या चिकटवायला बसले.

आमच्या घरी पुड्यांचं काम चालतं. शाळा-कचेऱ्यांची रद्दी येते, तिच्या पुड्या करून आम्ही किराणावाल्यांना देतो. उन्हाळ्यात शाळेचा शिपाई जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणून टाकतो. काम सोपं आहे. कॉपीच्या कोपऱ्यातला धागा तोडायचा, पानं सुटी करायची, ढीग लावायचे, मग खळ लावून घडी. रेघांचा कागद पातळ असतो, त्यात जिरं, मोहरी, ओवा. कोऱ्या कागदाला, म्हणजे बिनरेघांच्या जाड कागदाला, कडूशेट आधी हात घालतो, कारण हळद पातळ कागदातून फुटून बाहेर येते. म्हणून गठ्ठा आला की माय पहिलं काम काय करते, तर धागे तोडून बिनरेघांचे कागद वेचून बाजूला काढते. रेघांचे नंतर माझ्याकडं येतात. हे नीट ध्यानात ठेवा.

सुलभा आमच्यापासून दोन घरं सोडून राहते. तिचे वडील, वसंतकाका, स्टेशनवर मालाच्या कचेरीत कारकून. केळीच्या वॅगन त्यांच्या सहीशिवाय हलत नाहीत, असं ते स्वतःच सांगतात. सुलभा अन् मी आठवीपर्यंत एका बाकावर. मी सोडल्यावर ती एकटीच पुढं गेली, पण रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर यायची. मी पुड्या करायची, ती वाचायची. मॅट्रिकच्या वेळी तिला गोवर निघाला. अंगभर पुरळ, डोळे लाल, तशीच पेपराला गेली. पास झाली, पण गणितात चव्वेचाळीस. जानेवारीत शाळेची टेस्ट झाली होती, तेव्हा तिला त्याच गणितात एक्याऐंशी होते.

आधी आमच्या इथल्या शिकणाऱ्या मुली नागपूरला जात. आता नवं राज्य झालं, नागपूर तिकडं मराठी मुलखात गेलं अन् आम्ही इकडं हिंदीत राहिलो, म्हणून सगळे इंदूरकडं बघायला लागले. तिथल्या मुलींच्या कॉलेजचा फारम वसंतकाकांनी मागवला. कॉलेजला बोर्डिंग होतं, अन् वसंतकाकांची अट तीच होती. बोर्डिंग मिळालं तर इंदूर, नाही तर घर. फारम हिंदीत होता. काकांनी तो ओट्यावर बसून पेपर वाचल्यासारखा मोठ्यानं वाचला. त्यात एक रकाना होता. आता एक झालेल्या चार जुन्या राज्यांच्या मुली येणार, कुठं मार्क ढिले, कुठं कडक, म्हणून ज्या मुलीला वाटेल तिनं शाळेच्या टेस्टचे मार्कही जोडावेत. वर्गमास्तरच्या सहीचा दाखला पाहिजे. नाही जोडले तरी हरकत नाही. सगळे कागज पंधरा जूनपर्यंत पोचले पाहिजेत.

काका म्हणाले, यात विचार काय करायचा, एक्याऐंशी जोडायचे. सुलभाच्या आईनं, शारदाकाकूंनी, देवापुढं साखर ठेवली.

सुलभाच विचार करत बसली. मला म्हणाली, "कोके, ते एक्याऐंशी मला माझे वाटत नाहीत गं. पेपर काही इतका चांगला गेला नव्हता."

मी म्हटलं, पंडित मास्तर आहे ना, आवडत्या पोरींना खैरात वाटतो.

हे मी असंच बोलले. मास्तरचं नाव निघालं की माझ्या तोंडातून चांगलं येतच नाही. पण ती हसली नाही, अन् तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं की तिला ते लागलंय.

त्याच आठवड्यात रविवारी शिपाई गठ्ठे टाकून गेला. त्यावर लिहिलेलं होतं, मॅट्रिक, टेस्ट, गणित. सकाळी मायनं तिचं काम करून टाकलं. दुपारी माझी पाळी. खरं सांगते, मी सुलभाची कॉपी तिच्यासाठी नाही शोधली. मला मास्तरची चूक पाहिजे होती. तीन वर्षं पाहिजे होती. ज्यानं मला चोर म्हटलं, त्याच्या लाल शाईत एखादी तरी चूक निघावी, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

सुलभाचं अक्षर मी लांबून ओळखते, गोल गोल, प्रत्येक अक्षर पोट भरलेलं. कॉपी सापडली. वर लाल शाईत एक्याऐंशी, खाली मास्तरची लांब शेपटीची सही. मी आतली पानं उलटली अन् कडेचे लाल आकडे मोजत गेले. सहा, आठ, पाच, असे. चोपन्न आले. परत मोजले, चोपन्न. खालून वर मोजले, तरी चोपन्न.

मला इतका आनंद झाला की मी उठून उभी राहिले. मायनं विचारलं काय झालं. मी म्हटलं, काही नाही, मुंगी.

संध्याकाळी सुलभा फारम भरायलाच आमच्या ओट्यावर आली. दौत, टाक, खाली पाट. रकाना कोराच होता. मी तिच्यापुढं कॉपी धरली अन् सांगितलं की तुझे एक्याऐंशी नाहीत, चोपन्न आहेत, तुझ्या लाडक्या सरांना बेरीज येत नाही. मी हसत सांगितलं. हे मला आजही आठवतं की मी हसत होते.

तिनं कॉपीला हात लावला नाही.

"दाखवू का?" मी म्हटलं. "पानापानाचे मोज."

"मला नाही पाहायचं. तू मोजलंस ना?"

"तीनदा."

"मग बस."

तिनं टाक पुसला, दौतीचं बूच लावलं. मग म्हणाली की मला तेव्हाच वाटत होतं, ते मार्क माझे नाहीत. ती मास्तरकडं दाखला मागायला गेलीच नाही. घरी एवढंच सांगितलं की मला टेस्टचे मार्क जोडायचे नाहीत. काकांनी कारण विचारलं, ती बोलली नाही. सरांची चूक लोकांत गेली तर सरांना खाली बघावं लागेल, म्हणून आपण ते नाव काढायचं नाही, असं तिनं माझ्याकडून वचन घेतलं. काका दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. मंगळवारी त्यांनी फारम तसाच रजिस्टर टपालानं पाठवला, गणिताचे चव्वेचाळीस लावून.

मला थोडं वाईट वाटलं. पण थोडंच. आपण खरं तेच सांगितलं, असं मी स्वतःला म्हणत होते.

गुरुवारी सकाळी मायनं मला कडूशेटकडं पुड्या द्यायला पाठवलं अन् येताना हळद आणायला सांगितली. घरी येऊन मी पुडी उकलली, हळद डब्यात ओतली अन् कागद झटकला. झटकताना उलटी बाजू वर आली. त्यावर एक वर्तुळ होतं. वर्तुळात त्रिकोण. खाली गोल गोल, पोट भरलेलं अक्षर. पक्ष, साध्य, सिद्धता. कडेला लाल शाईत नऊ. मागच्या बाजूला आणखी एक आकृती, तिला दहा. तिच्याखाली आठ. अन् कोपऱ्यात, जिथं धागा असतो तिथं, तीच शेपटीवाली सही अन् सत्तावीस.

बेरीज लगेच झाली. नको होती तरी झाली.

वरच्या वर्गात भूमिती बिनरेघांच्या वेगळ्या कागदावर लिहितात अन् तो कागद मागं धाग्यानं बांधतात. आठवीपर्यंत आमचं सगळं एकाच कॉपीत असायचं. मला मालूम नव्हतं. अन् मायनं सकाळीच सगळे बिनरेघांचे कागद वेचून हळदीच्या ढिगात टाकले होते, रोजच्यासारखे. मी जी कॉपी मोजली ती अर्धी होती. मास्तर चुकला नव्हता. सुलभाचे एक्याऐंशी सुलभाचेच होते.

आता यापुढचं मी कोणाला सांगितलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी दहाच्या आत मला सगळं कळलं होतं. पंधरा तारीख शनिवारी होती. त्याच दिवशी मास्तरकडून दाखला घेऊन टपालात टाकला असता तर शनिवारी पोचला असता. शुक्रवारी काका गाडीत बसले असते तरी शनिवारी कॉलेजच्या खिडकीवर उभे असते. मी तो कागद धुतला नाही, फाडला नाही. घडी करून चोळीत ठेवला. दिवसभर पुड्या केल्या. मायनं विचारलं, आज तुझं तोंड बंद कसं.

मी स्वतःला सांगितलं की उद्या सांगू. सुलभासमोर मी तीनदा मोजलंय म्हटलं होतं. तिला काय सांगू, की मला कॉपी किती पानांची असते तेही माहीत नाही? अन् मग मास्तरकडं जावं लागणार, त्याच मास्तरकडं, अन् त्याच्यापुढं उभं राहून म्हणावं लागणार की मी तुमची चूक शोधायला गेले होते. ते मला नको होतं.

शुक्रवारी मी सुलभाच्या घरी गेले. सांगायलाच गेले होते, कागद जवळ होता. शारदाकाकूंनी जेवायला बसवलं. कढी होती, मुगाची खिचडी होती. सुलभा वाढत होती. वाढता वाढता म्हणाली की इंदूरचं नाही जमलं तर नाही, इथंच राहू, रोज संध्याकाळी ओट्यावर बसू, तू मला पुड्या शिकव. गमतीतच म्हणाली. पण मला ते फार आवडलं. तीन वर्षांत ती पहिल्यांदा माझ्या बाजूला, माझ्या कामाला येऊन बसणार होती. तोंडात घास होता, मी काही बोलले नाही. जेवून उठले, हात धुतले अन् घरी आले. कागद माझ्या अंगाला चिकटला होता, घामानं हळद लागली होती. रात्री मायनं विचारलं हे पिवळं काय. मी म्हटलं, डबा सांडला.

शनिवारी दुपारभर मी दाराशी बसून होते. पोस्टमन गेला, शाळेचा शिपाई सायकलवरून गेला. मला वाटलं की कोणीतरी आपल्याला विचारावं. कोणी विचारलं नाही. ऊन कलल्यावर मात्र मला बसवेना. मी उठले, सुलभाच्या घरी गेले अन् तिच्या हातात कागद दिला. म्हटलं, हा बघ, हळदीच्या पुडीत निघाला. आज.

आज, असं म्हटलं मी.

तिनं कागद उघडला. मी बोलत राहिले, भूमिती, धागा, माय, कडूशेट, सगळं एकात एक. तिनं कागद दोन्ही बाजूंनी बघितला. मग चप्पल घातली अन् म्हणाली चल. पंडित मास्तर जैनाबादला राहतात, तापीच्या पलीकडं. घाटावर होडी होती, नावाडी सवारी भरायची वाट बघत होता, सुलभानं त्याला सांगितलं की आम्ही दोघीच भरपूर आहोत, सोड. पाण्यात हात घालून मी बोटांची हळद धूत होते. जात नव्हती.

मास्तर अंगणात खाट टाकत होते. त्यांनी कागद पाहिला, माझ्याकडं पाहिलं. मी तयारच होते. ते काही बोलले असते तर मी त्याच्यावर काहीतरी बोलले असते, मला बोलायचंच होतं. पण ते म्हणाले, "तू आठवीत गेलीस ना. भूमितीचा कागद नववीपासून वेगळा असतो. तुला कसं माहीत असणार." आत जाऊन चष्मा आणला, दाखला लिहिला, सही केली. अन् मला विचारलं की तीनदा मोजूनही चोपन्नच आले का. मी हो म्हटलं. ते म्हणाले, बरोबर आहे, ते चोपन्नच आहेत.

माझी बेरीज बरोबर होती. मला खाली बघावं लागलं.

त्याच संध्याकाळी वसंतकाका गाडीत बसले. खंडव्याला बदलून इंदूरला पोचले तो रविवार, कचेरी बंद. सोमवारी खिडकीवरच्या बाबूनं दाखला घेतला अन् त्यावर लाल पेन्सिलीनं लिहिलं की उशिरा आला. काकांनी हात जोडले. बाबू म्हणाला की एक्याऐंशीवाल्या मुलीला बोर्डिंग सहज मिळालं असतं, परवा आणला असता तर काही अडचण नव्हती. काकांनी हे घरी येऊन सांगितलं, अन् मग रोज सांगायला लागले. "परवा," असं म्हणायचे अन् उठून आत जायचे.

पंधरवड्यानं यादी आली. सुलभाचं नाव नव्हतं.

खरा मार तर पुढंच बसला. शारदाकाकूंनी गल्लीभर सांगितलं की आशाबाईच्या कोकिळेचे, म्हणजे माझे, डोळे केवढे तेज, पुडीतून कागद काढला, नाहीतर आम्हाला जन्मभर कळलं नसतं की आमच्या पोरीचे मार्क खरे होते. मला बोलावून खोबऱ्याच्या वड्या दिल्या. माय खूश झाली. घरी कोणी आलं की सांगायची, शाळा सोडली म्हणून काय झालं, पोरीची नजर बघा. मी तिच्यावर एकदा इतकी ओरडले की खळीचं भांडं उपडं झालं. तिला कळलंच नाही काय झालं ते.

सुलभा मला काही बोलली नाही. उलट एकदा म्हणाली की चूक माझीच आहे, तू दाखवत होतीस, मीच पाहिलं नाही, पाहिलं असतं तर भूमिती नाही हे लगेच कळलं असतं. हे ती मला समजावत होती. वसंतकाकांनी तोवर तिची पत्रिका काढून जळगावला कोणाकडं तरी पाठवली होती. एक वर्ष घरी बसवून पुढच्या साली परत फारम भरू, असं पहिले चार दिवस बोलणं होतं. मग ते बोलणं कमी झालं.

आषाढात एका संध्याकाळी ती आमच्या ओट्यावर आली. हातात गणिताच्या वह्यांचा गठ्ठा, सुतळीनं बांधलेला. नववीपासूनच्या सगळ्या. भूमितीच्या वह्या वरच होत्या, बिनरेघांच्या, जाड कागदाच्या.

"घे," म्हणाली. "हळदीला चांगल्या आहेत."

माय घरात होती. मी कोयता घेतला अन् सुतळीला लावला. रोज शंभर धागे तोडते मी. तो तुटेना, म्हणजे मीच जोर लावेना. ती बघत होती. मी कोयता खाली ठेवला.

"सुले," मी म्हटलं, "तो कागद शनिवारी नव्हता सापडला. गुरुवारी सापडला होता."

तिला माझ्यासारखी झटपट बेरीज येत नाही, ती पायरी पायरीनं करते. मी तिच्या तोंडाकडं बघत होते अन् मला प्रत्येक पायरी दिसत होती. गुरुवार. टपाल. शुक्रवार. काका. खिडकी.

"शुक्रवारी तू आमच्याकडं जेवलीस," ती म्हणाली.

"हो."

"मी तुला कढी वाढली. दोनदा मागून घेतलीस तू."

"हो."

"तेव्हा होता तुझ्याजवळ?"

मी मान हलवली. का, असं तिनं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. मास्तर, लाज, अन् ती ओट्यावर बसणार म्हणाली ते, सगळं. मी तोंडात तयार करून ठेवलं होतं. तिनं विचारलंच नाही. तिनं खाली वाकून गठ्ठा उचलला. सुतळी एका बाजूला अर्धी कापली गेली होती, ती तिनं अंगठ्यानं दाबून धरली, वह्या सुटू नयेत म्हणून, अन् दोन्ही हातांनी पोटाशी धरून चालत गेली. दोन घरं तर आहेत. दार लागल्याचा आवाज मला ऐकू आला.

मायनं आतून विचारलं, सुलभा आली होती ना, कागद आणला होता म्हणे, कुठं आहे?

मी म्हटलं, नेला परत.